वकील ते आमदार: गणपतराव देशमुखांची लोकांना माहीत असलेली गोष्ट आणि तिच्यामागची न दिसणारी

प्रश्न आलाय एका एलएलबीच्या शेवटच्या वर्षाच्या पोराचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सांगोल्याचे गणपतराव देशमुख वकील होते आणि ११ वेळा आमदार झाले, तर त्यात वकिलीचा वाटा किती आणि साधेपणाचा किती, आणि मी आता आधी वकिली करू की सरळ एखाद्या पक्षात घुसू, आणि आमदार झालो तर वकिली करता येते का?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात तीसेक वर्षं वकिली करतोय, दिवाणी आणि महसुली कामं जास्त, फौजदारी कमी. २००२ साली पंचायत समितीला उभा राहून पडलोय पण. म्हणजे दोन्ही बाजूचा थोडाफार अनुभव आहे, पडण्याचा जरा जास्तच. त्यामुळे लांबलचक लिहितो, वैतागू नको.

आधी एक गोष्ट सरळ करून टाकू. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की गणपतराव म्हणजे देशात सगळ्यात जास्त वेळा निवडून आलेले आमदार, ते बरोबर नाही. महाराष्ट्रात त्यांचाच विक्रम, यात वाद नाही. पण तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले (मतदारसंघ बदलत बदलत), आणि केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा. आणि गंमत बघ, मणी पण पेशाने वकीलच. तेव्हा विक्रमाचा मुद्दा सोड, तो फोटोखाली लिहायला बरा असतो. आबासाहेबांना (आमच्याकडे सगळे आबासाहेबच म्हणतात, आणि शेकापवाले, म्हणजे त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे लोक, भाई) त्याच्यापेक्षा बरंच काही सांगण्यासारखं आहे.

जन्म १९२६ चा, मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. कायद्याची पदवी घेतली आणि सांगोल्यात येऊन वकिली सुरू केली. आता हा काळ नीट डोळ्यासमोर आण, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पन्नासचं दशक. १९४८ चा कुळकायदा आलेला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे त्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला असं कायदा मानतो. पण कायद्याने मानलं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं असं थोडंच आहे? त्यासाठी कलम ३२ ग ची चौकशी. शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसणार मामलेदार किंवा अव्वल कारकून, नोटीस निघणार, कुळाने हजर राहून सांगायचं की होय मला जमीन घ्यायचीय, मग किंमत ठरणार, हप्ते पडणार, ते फिटले की ३२ म चं, म्हणजे खरेदीचं सर्टिफिकेट. आणि कूळ हजरच राहिलं नाही, किंवा कुणीतरी भरीला घातलं म्हणून "मला नको" असा जबाब देऊन आलं, तर खरेदी निष्प्रभावी. ३२ प, म्हणजे कुळाच्या हातून जमीन जायचं कलम, लागलं की संपलं.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे एक म्हातारा यायचा, कापडी पिशवीत कागद, वर सुतळी बांधलेली, आणि ती सुतळी तो स्वतःच सोडायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याचं म्हणणं एवढंच की आमचा बाप तीस वर्षं ते रान कसत होता, मग आमचं नाव कसं काय नाही? माझ्या सीनियरनी मला तीन दिवस रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. धुळीनं नाक बंद, फेरफाराची जुनी रजिस्टरं, काही पानं वाळवीनं खाल्लेली. तिसऱ्या दिवशी सापडला तो आदेश. नोटीस बजावली, कूळ गैरहजर, खरेदी निष्प्रभावी. चार ओळी फक्त. बाप गैरहजर का राहिला, तर त्या आठवड्यात तो ऊसतोडीला गेलेला, आणि नोटिशीचा कागद घरात कुणाला वाचता येत नव्हता. म्हाताऱ्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो काहीच बोलला नाही, फक्त पिशवी परत बांधली.

आता विचार कर, अशा तालुक्यात १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत एखादा वकील बसलाय, तोही शेतकरी कामगार पक्षाचा. गणपतरावांनी नेमक्या कुठल्या केसेस चालवल्या त्याच्या कथा मी सांगणार नाही, ऐकीव गोष्टी खूप फिरतात. पण त्या वर्षांत तालुक्याला कुणीही वकिली करत असो, त्याच्या टेबलावर येणारं काम हेच होतं. कूळ, खंड, सावकाराचं देणं, वतन, फेरफार. ज्याला नोटीस वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवणारा आणि "गुरुवारी अकरा वाजता हजर राहा, मी आहे" म्हणणारा माणूस हाच त्याचा पुढारी होतो, त्याला वेगळी सभा घ्यावी लागत नाही. १९६२ ला गणपतराव पहिल्यांदा सांगोल्यातून निवडून आले ते पस्तिशीत.

शेकापमध्ये असे वकील बरेच होते, हा काही योगायोग नाही. उस्मानाबादकडे भाई उद्धवराव पाटील वकील, अलिबागला दत्ता पाटील वकील, एन. डी. पाटलांकडे पण कायद्याची पदवी होती. पक्षच असा की काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शेतकरी पुढाऱ्यांनी काढलेला, १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवादाची लाईन घेतलेली, आणि रोजचं काम म्हणजे जमीन, पाणी, भाव. पैसा नाही, साखर कारखाने नाहीत. मग हातात काय, तर कायदा आणि मोर्चा.

नुसती यादी सांगायची तर अशी: १९६२, १९६७, मग १९७२ ला पडले, १९७४ ला पोटनिवडणूक लागली तिच्यात परत आले, नंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला परत पडले. १९९९, २००४, २००९, २०१४ परत आमदार. २०१९ ला वयामुळे थांबले. १९७७ मध्ये विरोधी पक्षनेते झाले, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले, पंच्याण्णव पूर्ण व्हायला दहा-अकरा दिवस कमी होते.

या यादीत मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात त्या दोन हारी. १९९५ ला ते शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पडले. १९२! एका वाडीची मतं रे. (हो, तेच शहाजीबापू, काय झाडी काय डोंगरवाले. सांगोल्याच्या बाहेरच्यांना ते २०२२ ला गुवाहाटीच्या फोनवरून माहीत झाले, आम्हाला त्याच्या सत्तावीस वर्षं आधीपासून.) बरं, तेव्हा आबासाहेबांचं वय सत्तरीला टेकलेलं. पक्ष लहान होत चाललेला. इतक्या कमी फरकाने पडलेला माणूस एकतर चिडतो, नाहीतर पक्ष बदलतो, नाहीतर मुलाला पुढे करतो. हे पाच वर्षं त्याच तालुक्यात, त्याच पक्षात राहिले आणि १९९९ ला परत निवडून आले. मी पडलो तेव्हा तीन महिने घराबाहेर पडलो नव्हतो, म्हणून मला याचं कौतुक जास्त वाटतं असेल कदाचित.

आता साधेपणाचा मुद्दा. एसटीतून प्रवास, पांढरे साधे कपडे, बडेजाव नाही, हे सगळं खरंय, पेपरात हजार वेळा आलंय. पण मी तुला वकील म्हणून सांगतो, एसटीत बसून कुणी ११ वेळा निवडून येत नाही. एसटीत बसणारे आणि डिपॉझिट गेलेले उमेदवार मी दोन-चार ओळखतो. लोकांना साधेपणा आवडतो पण ते मत देतात कामाच्या माणसाला, आणि छोट्या पक्षाच्या, बहुतेक वेळ विरोधात बसणाऱ्या आमदाराने काम करून घ्यायचं कसं हाच खरा प्रश्न आहे. तिथे वकिली कामाला येते. तीही कोर्टात ऑर्ग्युमेंट करतो ती नाही बरं का, फाईल सांभाळतो ती.

विधानसभेत एकट्या-दुकट्या आमदाराकडे हत्यारं काय असतात? तारांकित प्रश्न, नियम १०५ ची लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पात कपात सूचना, नियम २९३ च्या चर्चेत मिळतील ती मिनिटं. नवीन आमदाराला वाटतं की जोरात बोललं की झालं, क्लिप कापून टाकली की झालं. पण खरी किंमत असते ती मंत्री उत्तरात काय बोलून जातो त्याला. मंत्री सभागृहात म्हणाला की "हे काम सहा महिन्यांत पूर्ण करू", की ते आश्वासन होतं, कामकाजाच्या छापील प्रतीत जातं, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती नावाची एक समिती आहे ती खात्याला विचारू शकते की काय झालं त्याचं. आता हे दोन वर्षांनी लक्षात ठेवून, तो जुना उतारा काढून, परत प्रश्न टाकणारा माणूस पाहिजे. हे अगदी वकिलाचं काम आहे. समोरच्याच्या तोंडून कबुली घ्यायची, रेकॉर्डवर आणायची, आणि पुढच्या तारखेला तीच त्याच्यासमोर ठेवायची. क्रॉस, म्हणजे उलटतपासणी कशी घ्यायची ते जे तू मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात) शिकतोस, त्याचा सगळ्यात लांब चालणारा प्रकार म्हण.

आणि सांगोल्याचं कामच असं होतं की ते पाच वर्षांत संपणारं नव्हतं. पाणी. सांगोला म्हणजे पर्जन्यछायेतला तालुका, माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूची. सोलापूर जिल्ह्यात उजनीसारखं मोठं धरण, पण त्याचा आनंद सगळ्यांना सारखा नाही. आमच्या बाजूच्या लोकांच्या वाट्याला नीरा उजव्या कालव्याचं शेपूट, म्हणजे वरच्यांचं भागून उरलं तर. नव्वदच्या दशकात आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली, तेरा तालुके, नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव हे तिचे मोठे चेहरे. कृष्णेचं पाणी उचलून आमच्याकडे आणा, एवढी एकच मागणी, वर्षानुवर्षं. १९९६ ला टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कराडजवळून पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आटपाडी-सांगोल्याकडे आणायचं. मंजुरी ते प्रत्यक्ष पाणी यात किती वर्षं गेली ते इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार, तो आकडा सांगणार नाही, नातवाकडे बोट दाखवेल. यात कधी निधी नाही, कधी पंपाचं वीजबिल कुणी भरायचं यावर अडलेलं, कधी कालवा झाला पण पोटचारी नाही. अशा कामाला एकदा आंदोलन करून चालत नाही, दर अधिवेशनाला त्याच फाईलवरची धूळ झटकायला लागते, पक्षकार कंटाळला तरी वकिलाने कंटाळायचं नसतं तसं.

दुसरं काम सूतगिरणीचं. ज्या तालुक्यात ज्वारी आणि खिलार बैल प्रसिद्ध, कापसाचं नाव नाही, तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना कुलपं लागली, भंगारात निघाल्या, तेव्हा ही चालली. सहकारी संस्था चालवणं म्हणजे नव्वद टक्के ऑडिट, पोटनियम आणि नाही म्हणण्याची तयारी. पाहुण्याला नोकरी नाही, कार्यकर्त्याला ठेका नाही. हे बोलायला सोपं, घरच्या लग्नात चार लोक बोलायचे बंद होतात तेव्हा कळतं.

सांगोल्याच्या डाळिंबाचं श्रेय मी त्यांना सरसकट देणार नाही, ते शेतकऱ्यांचं आहे. शेततळी, ठिबक, आणि कमी पाण्याचं पीक. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालकडे शालिमारला गेली तेव्हा लोकांना वाटलं हे कुठलं गाव. असो, विषय भरकटला.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर हे श्रद्धांजलीचं भाषण होईल. एक, जातीचं गणित. ते धनगर समाजाचे आणि तालुक्यात धनगर मतं मोठी, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर जागा निघत असती तर १९७२ आणि १९९५ झालंच नसतं. दोन, पक्षाशी निष्ठा. सगळे डोळे पाणावून सांगतात की आयुष्यभर एक पक्ष. बरोबर आहे, पण त्याची किंमत तालुक्याने पण मोजली. सत्तेतल्या आमदाराला एका फोनवर जे मिळतं ते विरोधातल्याला दहा पत्रांवर. टेंभू लवकर आली असती का वेगळ्या पक्षात असते तर? मला माहीत नाही, पण हा प्रश्न सांगोल्याच्या कट्ट्यावर विचारला जायचा आणि तो अगदीच फालतू नाही. तीन, पक्ष. त्यांच्या डोळ्यादेखत शेकाप आटत गेला, २०१४ ला राज्यात तीन आमदार, २०१९ ला एक. एवढा मोठा माणूस असून दुसरी फळी का नाही उभी राहिली? २०१९ ला त्यांच्या जागी नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि हजाराच्या आतल्या फरकाने पडले, परत शहाजीबापूंकडूनच. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब उभे राहिले आणि जिंकले. म्हणजे घराणेशाहीच्या विरोधात आयुष्यभर बोललेल्या पक्षाची राज्यातली एकुलती जागा आज नातवाकडे आहे. दोन्ही नातवांच्या नावाआधी डॉ. लागतं, ॲड. कुणाच्याच नाही, हे आपलं आमच्या बार रूममधलं दुःख.

आता तुझा प्रॅक्टिकल प्रश्न. आमदार असताना वकिली करता येते का, हेही तू विचारलंयस. येते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की खासदार-आमदार म्हणजे बार कौन्सिलच्या नियम ४९ मधले पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यामुळे प्रॅक्टिसला बंदी नाही. पण "करता येते" आणि "होते" यात फरक आहे. तारखेला सकाळी अकराला जज बसलेत आणि तुझ्या मतदारसंघात त्याच वेळी मयत झालंय, तू कुठे जाणार? पक्षकार दोनदा समजून घेतो, तिसऱ्यांदा वकील बदलतो. माझ्या ओळखीत जे राजकारणात गेले त्यांची प्रॅक्टिस दोन-तीन वर्षांत ज्युनिअरच्या हातात गेली आणि मग ज्युनिअरचीच झाली.

आणि दुसरं म्हणजे, तू ज्या काळात आलायस तो कुळकायद्याचा नाही. त्यांच्या वेळी तालुक्याला वकीलच मोजके, आता आमच्या बारमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. नुसता काळा कोट बघून कुणी नेता म्हणत नाही आता. पण नोटिसा संपलेल्या नाहीत. भूसंपादनाच्या नोटिसा आहेत, हायवेत आणि कालव्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आहे, पीक विमा नाकारल्याची पत्रं आहेत, ऑनलाईन सातबाऱ्यात झालेल्या चुका आहेत. आणि भूसंपादनात वाढीव मोबदल्याला अर्ज करायची मुदत असते, ती गेली की तुझ्यासारख्या शंभर वकिलांनी पण काही होत नाही. गावात ही मुदत सांगणारा कुणी नसतो. एजंट असतात, ते टक्केवारी सांगतात.

म्हणून माझं मत विचारशील तर सरळ पक्षात घुसू नको. पक्षात आज घुसलास तर पाच वर्षं बॅनरच्या डाव्या कोपऱ्यात तुझा फोटो, त्यापलीकडे काही नाही. सनद घे, बार कौन्सिलची ऑल इंडिया परीक्षा देऊन टाक, पुण्या-मुंबईला न पळता तालुक्यालाच एखाद्या खडूस सीनियरकडे बस, जो तुला रेकॉर्ड रूमला पाठवेल असा. पगार नसणार, पेट्रोल पण घरून. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव टाक, पैसे किरकोळ मिळतात पण माणसं भेटतात. ग्रामसभेला जा, ठरावाची नक्कल माग, नाही दिली तर अपील कर, बोंबलू नको. आणि एक वही ठेव, कुठल्या अधिकाऱ्याने कुठल्या तारखेला काय कबूल केलं त्याची. मोबाईलमध्ये नाही, वहीतच. पाच वर्षांनी ती वही जाड झाली असेल तर पक्ष तुझ्याकडे येईल, नाही झाली तर निदान वकिली तरी हातात राहील.

मी हे न करता उभा राहिलो होतो. २००२ ला मला वाटलं वकील आहे, बोलतो बरं, लोक ओळखतात. प्रचारात एका वस्तीवर एका बाईने विचारलं, "तुम्ही आमच्या रस्त्याची केस हरलेले वकील ना?" खरं तर हरलो नव्हतो, गैरहजेरीत निकाली निघाली होती, कारण त्या तारखेला मी दुसऱ्या कोर्टात होतो. पण हे तिला तिथे उभं राहून काय सांगणार. त्या वस्तीवर मला अकरा मतं पडली.

आणि हो, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करणार असशील तर जागा राखीव आहे का, जात वैधता प्रमाणपत्र, शौचालयाचा दाखला, दोन अपत्यांची अट, घरपट्टीची थकबाकी हे अर्ज भरायच्या सहा महिने आधी बघ. दुसऱ्याचे अर्ज भरून देणारे वकील स्वतःच्या छाननीत उडालेले मी या डोळ्यांनी बघितलेत, एक तर माझ्याच शेजारच्या टेबलावरचा.